दोन घटकांमधील मजकूर : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याची इतिहाससाधने, संपादकाची भर आणि एक्सएमएल शैलीपत्रके

प्रस्तावना :

मूळ साधनात नसलेला मजकूर संपादकाने दोन शब्दांच्या अथवा दोन ओळींच्या मध्ये घालावा की नाही, आणि घातलाच तर तो वाचकास वेगळा ओळखता यावा म्हणून काय करावे, हा प्रश्न मराठी ग्रंथव्यवहारात फार जुना आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठण येथे संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि अखेरीस त्या ग्रंथात स्वतःची ओवी घुसडणाऱ्यास कठोर शब्दांत बजावले. प्रक्षेपाची ही भीती अनाठायी नव्हती. हाताने नक्कल करताना समासातील टीप पुढच्या नकलेत मजकुरात शिरे, आणि दोन पिढ्यांनंतर ती मूळचीच वाटू लागे.

गेल्या पंचवीस वर्षांत कोरीव लेख, मोडी कागद, गावनामांच्या याद्या अशी साधने संगणकावर आली. ती साठविण्यासाठी एक्सएमएल ही पद्धत आणि तिचे वाचनीय पानात रूपांतर करण्यासाठी एक्सएसएलटी ही शैलीपत्रकांची भाषा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. या रूपांतरात दोन घटकांच्या मध्ये स्वल्पविराम, कंस, ओळक्रमांक, 'आणि' सारखी अव्यये यंत्राकडून घातली जातात. वरवर पाहता ही बाब संगणकशास्त्र विभागाची वाटते. परंतु ती प्रक्षेपाचीच नवी आवृत्ती असल्याने इतिहासाच्या अध्यापकाने तिच्याकडे पाठ फिरवणे योग्य ठरणार नाही. प्रस्तुत निबंधात धाराशिव जिल्ह्याच्या साधनांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सलग लिहिलेला मजकूर :

जुन्या मराठी पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत. ओवीच्या शेवटी दंड येई, पण शब्दाशब्दांत अंतर ठेवण्याचा प्रघात नव्हता. मोडीत तर आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिली जात. लेखणी शक्यतो न उचलता लिहिण्याच्या या रीतीत शब्दविग्रहाला व विरामचिन्हांना जागाच नव्हती. छापील मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० ची. याचा अर्थ असा की त्यापूर्वीच्या कोणत्याही मराठी कागदाच्या छापील प्रतीत आपणास दिसणारा प्रत्येक स्वल्पविराम हा संपादकाचा आहे, लेखकाचा नव्हे.

हे विधान किरकोळ वाटेल, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. मोडी यादीत 'राघो विठल बापूजी नरहर' अशी चार नावे सलग आली आहेत. ही चार माणसे, की राघो विठल आणि बापूजी नरहर अशी वडिलांच्या नावासह दोन माणसे? संपादक कोठे स्वल्पविराम घालतो यावर त्या गावातील वतनदारांची संख्या ठरते. आणि एकदा छापून आल्यावर पुढचा अभ्यासक मूळ कागद न पाहता तीच संख्या उद्धृत करतो.

निजामी राजवटीच्या कागदांत याहून सूक्ष्म अडचण येते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील सरकारी कारभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फारसीऐवजी उर्दूत चाले. उर्दू लिपीत दोन नामांना जोडणारा इजाफतीचा ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलाच जात नाही. 'फर्मान' आणि 'मुबारक' हे दोन शब्द कागदावर केवळ शेजारी शेजारी असतात. देवनागरीत उतरवताना 'फर्मान-ए-मुबारक' असे लिहावे लागते. येथे मधला 'ए' वाचकाला भाषेच्या ज्ञानावरून सुचतो, शाईत तो नसतो. म्हणजे मध्ये मजकूर घातल्याशिवाय काही साधने वाचताच येत नाहीत. तेव्हा मध्ये काही घालूच नये, असा नियम करून भागत नाही.

शैलीपत्रकाची कल्पना :

मजकूर आणि त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवावे हा विचार संगणकक्षेत्रात १९६९ च्या सुमारास आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण सिद्ध झाले. मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी त्याचे महत्त्व लवकर ओळखले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ग्रंथसंपादनासाठी समान खुणा ठरविणारा टीईआय हा उपक्रम १९८७ साली सुरू झाला आणि त्याचे एक संपादक मायकेल स्पर्बर्ग-मॅकक्वीन हेच पुढे १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएलच्या तीन संपादकांपैकी एक होते. एक्सएमएलवर ग्रंथसंपादकाच्या गरजांचा ठसा आहे तो यामुळे.

एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली आली. दुसरी मायकेल के यांच्या संपादनाखाली २३ जानेवारी २००७ रोजी, आणि तिसरी २०१७ मध्ये. या भाषेचे मर्म थोडक्यात असे : मूळ धारिकेला हात लावायचा नाही. वेगळ्या पत्रकात नियम लिहायचे. त्या नियमांनुसार यंत्राने मूळ वाचून तिसराच दस्तऐवज तयार करायचा. एकनाथांच्या काळातील नक्कलकाराला ही सोय नव्हती. त्याची भर आणि मूळ ओवी एकाच शाईत, एकाच पानावर उतरे.

स्वल्पविरामाचे गणित :

एक्सएमएलमध्ये घटकांची नावे देवनागरीतही देता येतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. समजा, एका यादीत <स्थळ>तेर</स्थळ> या धर्तीवर तेर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परंडा असे चार घटक एकाला एक लागून लिहिले आहेत. शैलीपत्रकात एकही नियम न लिहिता रूपांतर केल्यास यंत्र त्यातील अक्षरे जशीच्या तशी बाहेर टाकते आणि 'तेरतुळजापूरनळदुर्गपरंडा' असे मिळते. अत्याधुनिक यंत्रातून पोथीची सलग लिपी परत येते, हे पाहून मौज वाटते.

स्वल्पविराम हवा असल्यास तो घालण्याची जुनी रीत म्हणजे प्रत्येक घटकानंतर 'हा शेवटचा आहे काय' असे विचारणे. घटकाचे स्थान आणि एकूण संख्या यांची तुलना करायची व ती भिन्न असल्यासच चिन्ह घालायचे. उलट बाजूनेही हे साधते. पहिला वगळून प्रत्येक घटकाच्या आधी चिन्ह घालायचे. मराठीत शेवटच्या दोन नावांमध्ये स्वल्पविरामाऐवजी 'आणि' हवे असल्याने उपान्त्य घटकासाठी आणखी एक अट लागते.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला रिकाम्या जागेचा. धारिका वाचायला सोपी जावी म्हणून आपण प्रत्येक घटक नव्या ओळीवर लिहितो. ही ओळ मोडण्याची जागा आपणास शून्यवत वाटते, परंतु यंत्राच्या दृष्टीने दोन घटकांमधला तो एक मजकूरच असतो. त्यामुळे घटक निवडताना 'आतील सर्व काही' असे म्हटले तर शेवटच्या स्थळानंतरची कोरी ओळ ही 'शेवटची' ठरते आणि 'परंडा' नंतरही एक स्वल्पविराम लोंबत राहतो. उलट शैलीपत्रकात दोन नियमांच्या मध्ये नुसती मोकळी जागा सोडली तर ती यंत्र गाळून टाकते. एखादे अंतर खरोखरच हवे असेल तर ते मजकुरासाठीच्या खास आदेशात गुंडाळून लिहावे लागते. मूळ धारिकेतले कोरेपण मोजले जाते आणि पत्रकातले मोजले जात नाही, हा भेद नवशिक्यास हमखास चकवतो.

दुसरा खळगा अधिक गंभीर आहे. घटकांचे मूल्य लिहून काढण्याच्या एकाच आदेशाला पहिल्या व दुसऱ्या आवृत्तीत वेगळा अर्थ आहे. पहिल्या आवृत्तीत चार स्थळे निवडून तो आदेश दिल्यास फक्त पहिले, म्हणजे 'तेर', बाहेर येते. बाकीची तीन निमूटपणे नाहीशी होतात आणि यंत्र चूक झाल्याचे सांगत नाही. दुसऱ्या आवृत्तीत चारही येतात, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून. शिवाय विभाजक म्हणून कोणते चिन्ह घालावे हे त्याच आदेशात एका गुणधर्माने सांगता येते. देणगीदारांच्या यादीवर जुना आदेश चालवला तर पहिला दाता तेवढा उरेल व तयार पान पाहणाऱ्यास काही कमी असल्याची शंकाही येणार नाही. यादी छापण्यापूर्वी मुळातील व तयार पानातील नावे मोजून पाहणे, ही जुनी मुद्रितशोधकाची सवय येथे उपयोगी पडते.

आणखी एक बाब. सनदेत दोन नावांच्या मध्ये 'व' आधीच लिहिलेला असतो. अशा ठिकाणी नावांना खुणा करून शैलीपत्रकाने सरसकट स्वल्पविराम घातला तर मूळचा 'व' आणि आपला स्वल्पविराम एकत्र येतात. याद्या आणि सलग लेख यांना एकच नियम लावता येत नाही तो यामुळे.

ओळ तुटते, शब्द तुटत नाही :

कोरीव लेखांच्या संपादनात ही चर्चा शिगेला पोहोचते. ग्रीक व लॅटिन साधनांच्या संपादकांनी १९३१ साली लायडन येथे चिन्हांबाबत एकमत केले : नष्ट होऊन संपादकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात, संक्षेपाचा विस्तार गोल कंसात, इत्यादी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टॉम एलियट यांच्या पुढाकाराने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एपिडॉक ही पद्धत सुरू झाली. टीईआयच्या खुणांनी लेख अंकित करायचा आणि लायडनची चिन्हे शैलीपत्रकाने घालायची, अशी ही विभागणी आहे. २०१९ मध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या 'धर्म' या प्रकल्पाने दक्षिण व आग्नेय आशियातील लेखांसाठी हीच पद्धत स्वीकारली. मराठी कोरीव लेखांचे प्रमाणभूत संकलन, शं. गो. तुळपुळे यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३), छापील आहे. त्याच्या धर्तीवर जिल्हावार संगणकीय संग्रह करावयाचा झाल्यास पुढील मुद्दा ध्यानात घ्यावा लागेल.

दगडावरील ओळ जागा संपली की संपते, शब्द पुरा होवो वा न होवो. 'करवियलें' या क्रियापदाचे 'करविय' एका ओळीत आणि 'लें' दुसऱ्या ओळीत पडले अशी कल्पना करा. नव्या ओळीच्या खुणेजागी शैलीपत्रकाने ओळक्रमांक व एक मोकळी जागा घातली, तर एका शब्दाचे दोन होतात व शब्दसूचीत 'लें' हा स्वतंत्र शब्द म्हणून दाखल होतो. यासाठी टीईआयमध्ये ओळीच्या खुणेवर 'येथे शब्द तुटत नाही' असे नोंदविण्याची सोय आहे. ती नोंद पाहून शैलीपत्रक मोकळ्या जागेऐवजी संयोगचिन्ह घालते. परंतु ती नोंद करणारा माणूसच असावा लागतो. शब्द कोठे तुटला हे यंत्राला कळत नाही.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याच्या दोन मराठी वाक्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एकात चावुंडराजाने (मूर्ती) करविल्याचे आणि दुसऱ्यात गंगराजाने सुत्ताले, म्हणजे भोवतालचा प्राकार, करविल्याचे सांगितले आहे. पहिले वाक्य मूर्तीच्या काळचे, इ. स. ९८३ च्या सुमाराचे मानून त्याला दीर्घकाळ आद्य मराठी लेखाचा मान दिला गेला. तुळपुळे यांनी मात्र दोन्ही वाक्ये गंगराजाच्याच काळातील, इ. स. १११६-१७ च्या सुमाराची मानली. आता संगणकीय संग्रहात ही वाक्ये दोन स्वतंत्र लेख म्हणून नोंदवून शैलीपत्रकाने मध्ये नवा क्रमांक व नवे शीर्षक घातले, तर आपण पहिल्या मताच्या बाजूने उभे राहतो. एकाच लेखाच्या दोन ओळी मानून मध्ये केवळ ओळक्रमांक घातला, तर दुसऱ्या मताच्या बाजूने. मधल्या बोटभर जागेत सव्वाशेहून अधिक वर्षांचा वाद आहे. असा निर्णय एखाद्या रूपांतराच्या नियमात नकळत घेतला जाऊ नये.

तगर (तेर) :

यावरून घातलेल्या मजकुराचे दोन प्रकार करावे लागतात. केवळ स्थानावरून निश्चित होणारी भर, म्हणजे यादीतील स्वल्पविराम, ओळक्रमांक, भरलेल्या अक्षरांभोवतीचे कंस, ही शैलीपत्रकात असावी. ज्या भरीसाठी कोणा माणसाला विचार करून मत द्यावे लागते, ती मूळ धारिकेतच, वेगळ्या खुणेत आणि मत देणाऱ्याच्या नावासह असावी. टीईआयमध्ये जबाबदारी व खात्री नोंदविणारे गुणधर्म याचसाठी आहेत. कंस शैलीपत्रकाने घालावेत, पण कंसातील अक्षरे त्याने घालू नयेत, इतके म्हटले तरी पुरे.

आपल्या जिल्ह्यातील तेरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर हे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. टॉलेमीनेही त्याची नोंद केली आहे. शिलाहार राजे स्वतःस तगरपुरवराधीश्वर म्हणवीत. परंतु हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात एकमत नव्हते. विल्फर्ड यांनी देवगिरी-दौलताबाद सुचविले, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकर यांनी धारूर. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तगर म्हणजे तेर हे मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी केलेली पाहणी आणि १९५७-५८ मधील बा. ना. चापेकर यांचे उत्खनन यांनी त्याला पुष्टी मिळाली.

आज 'तगर' नंतर कंसात 'तेर' लिहिताना आपणास काही विशेष वाटत नाही. पण १८९० साली एखाद्या संपादकाने तोच नियम यंत्राला दिला असता तर प्रत्येक शिलाहार ताम्रपटाच्या पानावर 'तगर (जुन्नर)' अथवा 'तगर (धारूर)' छापले गेले असते, आणि तेही मूळ लेखाचा भाग असल्याच्या थाटात. अभिज्ञान बदलते, ताम्रपट बदलत नाही. म्हणून 'तगर' हे लेखातील रूप आणि 'तेर, फ्लीट, १९०१' ही नोंद या दोन गोष्टी धारिकेत शेजारी पण निराळ्या ठेवणे इष्ट ठरते.

धाराशिव (उस्मानाबाद) :

जिल्ह्याच्या नावाबाबत तर हा प्रश्न रोजच्या कामाचा झाला आहे. हा प्रदेश १८५३ च्या तहानुसार काही वर्षे ब्रिटिश अंमलाखाली होता व फिलिप मेडोज टेलर तेव्हा नळदुर्ग येथून त्याचा कारभार पाहत. त्या काळच्या इंग्रजी कागदांत जिल्हा नळदुर्गच्या नावाने येतो. १८६० मध्ये तो निजामाकडे परत गेला. जिल्ह्याचे ठाणे पुढे धाराशिवला आले. १९०८ च्या इम्पिरियल गॅझेटियरमध्ये तो उस्मानाबाद म्हणून, पूर्वीचे नाव नळदुर्ग असल्याचे नमूद करून, नोंदलेला आहे. ज्यांच्या नावाशी हे नाव सामान्यतः जोडले जाते ते मीर उस्मान अली खान गादीवर आले १९११ मध्ये, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२३ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले.

आता ग्रंथालयातील जुन्या नोंदींचे काय करावे? अनेक ठिकाणी सोपा उपाय केला जातो. सर्व धारिकांत 'उस्मानाबाद' शोधून त्याजागी 'धाराशिव' घालायचे. हा उपाय साधनाची हानी करणारा आहे. त्यामुळे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'उस्मानाबाद जिल्हा गॅझेटियर'चे शीर्षकच बदलून जाते, आणि ते पुस्तक त्या नावाने शोधणाऱ्यास सापडत नाही. शैलीपत्रकाने दाखवताना कंसात आजचे नाव घालणे हा त्याहून सभ्य मार्ग होय, कारण मूळ नोंद अबाधित राहते आणि पुढे मत बदलल्यास एकच ओळ बदलावी लागते.

तथापि येथेही केवळ नावावरून नियम करता येत नाही. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर व औसा हे तालुके होते. १९५१ च्या जनगणनेतील 'उस्मानाबाद जिल्हा' या शब्दांपुढे यंत्राने 'आजचा धाराशिव' असे घातले, तर औशाच्या लोकसंख्येचे आकडे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या खाती जमा होतील. नाव एक, प्रदेश दुसरा. तेव्हा शैलीपत्रकाने नोंदीचे वर्ष पाहूनच कंस घालावा, आणि वर्षागणिक प्रदेश कोणता याची सारणी एखाद्या अभ्यासकाने मूळ धारिकेत, आपल्या नावानिशी, तयार करून ठेवावी. हे काम कष्टाचे आहे. परंतु भूगोल व इतिहास विभागांनी मिळून एखाद्या सत्रात करण्याजोगे आहे.

शेवटी जतनाविषयी. बरीच वर्षे ब्राउझरच शैलीपत्रक वाचून रूपांतर करीत असल्याने काहींनी तयार पान जपून ठेवण्याची तसदी घेतली नाही. २०२५ मध्ये क्रोम ब्राउझरच्या निर्मात्यांनी सुरक्षिततेच्या कारणास्तव एक्सएसएलटीचा हा आधार काढून घेणार असल्याचे जाहीर केले. ब्राउझरबाहेरची रूपांतर-साधने त्यामुळे बंद पडत नाहीत, मात्र ब्राउझरवर विसंबलेल्या संग्रहांना रूपांतर आधीच करून तयार पाने साठवावी लागतील. ज्या महाविद्यालयांनी मोडी कागदांचे वा शिलालेखांचे असे संग्रह केले आहेत त्यांनी मूळ धारिका, शैलीपत्रक आणि तयार पान अशा तिन्ही वस्तू एकत्र, दिनांकासह ठेवाव्यात. शैलीपत्रक हरवले तर कोणता स्वल्पविराम मोडी लेखनिकाचा नाही हे पुढच्या संशोधकास केवळ तयार पानावरून सांगता येणार नाही, आणि 'राघो विठल बापूजी नरहर' ही माणसे किती, हे ठरविण्यासाठी त्याला पुन्हा मूळ रुमालच सोडावा लागेल.